जीपला मागचे दार करून घेताना



गाडी एकदा घरची झाली की ती घरासारखीच हळूहळू वाढू लागते. आधी कापडी हुडाची जुनी जीप दारात येते. दोन पावसाळ्यांत हूड फाटतो, म्हणून पत्र्याचा किंवा फायबरचा टप बसतो. टपाला बाजूच्या काचा येतात. मग ध्यानात येते की मागची बाजू तशीच उघडी राहिली आहे. तिथून धूळ येते, पावसाची झड येते आणि बाजारात गाडी उभी केली तर सोयाबीनचा कट्टा कोणीही उचलून नेऊ शकतो. मग आपण तालुक्याच्या ठिकाणी वेल्डरकडे गाडी नेतो आणि सांगतो, "एक दार मारून दे."

एवढ्या मोघम सांगण्यावर झालेले दार धूळ अडवते, चोरही अडवते आणि कधीकधी आत बसलेल्या माणसालाही अडवते. पेरणीपूर्वी गाडी थोडी मोकळी असते आणि पुष्कळ जण याच दिवसांत असली कामे काढतात. तेव्हा जीपचे मागचे दार कसे असावे, कसे करून घ्यावे आणि त्यात काय टाळावे, याचा आज विचार करू.

मुळात दार का नव्हते?

जीप ही लढाईत जन्मलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखांनी बनवली. सैनिकाला चटकन चढता-उतरता यावे म्हणून ती उघडी, वर कापडाचा हूड. १९४५ साली सुरू झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलीजची जीप आपल्याकडे आणली. पुढे सीजे, एमएम ५४०, कमांडर, मार्शल अशा गाड्या आल्या. यांतल्या कापडी हुडाच्या गाड्यांना मागे फार तर ट्रॉलीसारखा खाली पडणारा फाळका असे आणि वरच्या भागाला बंदांनी बांधायचा पडदा.

२०१० साली आलेल्या थारलाही कापडी हूड होता. अनेकांनी तिच्यावर बाहेरून कडक टप बसवून घेतले. २०२० सालच्या नव्या थारमध्ये मात्र कंपनीचाच कडक टप मिळू लागला. त्यात मागची काच वर उघडते आणि खालचे दार बाजूला उघडते. बोलेरोला तर आधीपासूनच बाजूला उघडणारे मागचे दार आहे. आपले दार करायला देण्यापूर्वी गावातल्या एखाद्या बोलेरोचे दार शांतपणे उघडून-मिटून पाहावे. बिजागरी कुठे आहे, रबर कसे बसले आहे, खटका कसा धरतो, हे पाहून घेतले तर कारागिराशी बोलताना आपल्यालाही चार गोष्टी कळतात.

धूळ मागून का येते?

गाडी पुढे धावते आणि धूळ तिच्या मागे उठते, तरी ती आत कशी येते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. गाडी हवा कापत पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत ओढली जाते, तिथेच घोटाळते आणि मागच्या फटीतून आत शिरते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक असते. तिला सुतळीएवढी फटही पुरते.

पण धुळीबरोबर आणखी एक गोष्ट याच वाटेने येते, आणि ती दिसत नाही. सायलेन्सरचा धूर! या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या इंजिनात तो पेट्रोलपेक्षा कमी निघतो, तरी बंद टपाखाली साठला तर घातकच. मागे बसलेल्या बायकामुलांना प्रवासात डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे असे होऊ लागले तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नये. गाडी थांबवावी, सर्वांना मोकळ्या हवेत उतरवावे आणि सायलेन्सर तपासून घ्यावा. सायलेन्सरचा पाइप दाराच्या खाली संपत असेल तर तो बंपरच्या बाहेरपर्यंत वाढवून घ्यावा. मागचे दार अर्धवट उघडे ठेवून आणि पुढच्या काचा लावून गाडी कधीही हाकू नये. हवा हवी असेल तर पुढच्या काचा उघडाव्यात.

माप घेताना

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांतली हवा सारखी असावी. मागच्या तोंडाची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी. उंचीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्यावी. मग दोन्ही कर्ण मोजावेत. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक आणि दुसरा त्याच्या उलट. टपाचे तोंड दोन्ही बाजूंनी सारखे असेल तर दोन्ही कर्ण सारखेच भरतात. फरक निघाला तर टप तिरपा बसला आहे असे समजावे. आधी टप सरळ करावा, मग दार.

जुन्या जीपचे तोंड वर निमुळते असते. तिथे नुसत्या मापावर न जाता जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा नमुना कापून तोंडाला लावून पाहावा. शिंपी आधी कागदावर कापतो, तसेच हे. पत्रा एकदा कापला की तो लांब करता येत नाही.

दार आणि चौकट यांच्यामध्ये सगळीकडून सारखी, साधारण ५ मिलिमीटर फट ठेवावी. जिंतूरकडच्या चढउताराच्या रस्त्यावर किंवा शेताच्या बांधावरून एक चाक वर गेले की जीपचे सगळे अंग पिळते. फट अगदी कमी ठेवली तर अशा वेळी दार चौकटीत अडकून बसते. फट मोजकी ठेवावी आणि ती भरण्याचे काम रबराच्या पट्टीवर सोपवावे.

मागचा पत्रा कापायची वेळ आली तर सावध राहा. झाकण काढलेला डबा हाताने दाबला तर सहज वाकतो, तसेच गाडीच्या अंगाचे होते. कापलेल्या ठिकाणी खाली आडवी पट्टी आणि दोन्ही बाजूंना उभे खांब घालून जोर परत द्यावा लागतो. बिजागऱ्या या खांबांवर घ्याव्यात. नुसत्या फायबरच्या टपाला बिजागरी मारली तर थोड्याच दिवसांत भोके मोठी होऊन दार लोंबू लागते.

कोणत्या बाजूला उघडावे?

वर उघडणारे दार पावसात डोक्यावर छप्पर धरते, पण त्याला गॅसचे दांडे लागतात. ते कमजोर झाले की दार डोक्यात येते. खाली पडणारा फाळका पोती चढवायला सोयीचा, पण म्हाताऱ्या माणसाला त्यावरून चढणे जड. घरच्या वापराला बाजूला उघडणारे एकच दार बहुधा सोयीचे ठरते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून बिजागऱ्या उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला असाव्यात. मग उतरणारा माणूस रस्त्याच्या कडेला उतरतो, धावत्या ट्रकच्या समोर नाही.

दार पूर्ण, म्हणजे काटकोनाच्याही पुढे उघडले पाहिजे आणि उघडल्यावर वाऱ्याने परत मिटू नये म्हणून त्याला पट्टी किंवा अडकण हवी. मापातली सगळी रुंदी मोकळी मिळाली पाहिजे. हे का, ते खेड्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू आहे आणि पहिला फोन तिलाच करावा. पण ओढ्याला पाणी आले, रस्ता चिखलात गेला, की रात्री-अपरात्री घरची जीपच रुग्णवाहिका होते. बाळंतपणाची बाई असो, साप चावलेला गडी असो, त्याला आडवे ठेवून आत सरकवावे लागते. अर्धेच उघडणाऱ्या दारातून ते होत नाही.

वजनाचा हिशेब

आपल्याकडे गेट आणि खिडक्यांचे काम किलोच्या भावावर ठरते. जीपचे दार मात्र किलोवर ठरवू नका. किलोवर काम दिले की दार जड होते, आणि जड दार हे चांगले दार नव्हे.

सोपा हिशेब असा. १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरते. जीपचे मागचे दार साधारण ३ फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच धरले, तर ते जवळजवळ १ चौरस मीटर होते. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा घेतला तर साडेनऊ किलो; २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा घेतला तर सात किलो. चौकटीला एक इंची चौकोनी पाइपची २० फुटी एक लांबी लागते, ती सात किलोच्या आसपास. काच, कुलूप, बिजागऱ्या धरून दार २० किलोपर्यंत बसते. चौकट नीट असेल तर २० गेजचा पत्रा पुरतो.

आता पुष्कळ जण याच दारावर स्टेपनी टांगतात. चाक टायरसह आणखी २० किलो धरा. एकूण झाले ४०. हे वजन दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून दीड फुटावर आहे असे समजा. दोन बिजागऱ्यांत २ फुटांचे अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर बाहेर ओढणारा जोर ३० किलो पडतो. हेच अंतर १ फूट असेल तर जोर ६० किलो होतो. दार तेच, वजन तेच, केवळ बिजागऱ्या जवळ घेतल्याने भार दुप्पट. शिवाय हा हिशेब उभ्या गाडीचा. खड्ड्यात गाडी आदळली की हाच जोर आणखी किती तरी वाढतो.

यावरून तीन गोष्टी ठरतात. बिजागऱ्या एकमेकींपासून जितक्या दूर घेता येतील तितक्या घ्याव्यात. खटक्याच्या बाजूला चौकटीवर एक छोटा उतरता टेकू बसवावा, म्हणजे दार मिटल्यावर त्यावर चढून बसते आणि सगळा भार बिजागऱ्यांवर लोंबत नाही. आणि स्टेपनी शक्यतो दारावर न टांगता बंपरला किंवा गाडीच्या अंगाला वेगळा मजबूत धर करून लावावी. कुठेही लावली तरी तिच्यामुळे नंबरप्लेट आणि मागचे लाल दिवे झाकले जाता कामा नयेत.

पत्रा, गंज आणि काच

दार बहुधा आतूनच गंजते. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी आणि काळी माती साठते, वरून रंग चकचकीत दिसतो आणि एके दिवशी खालची कड बिस्किटासारखी तुटते. म्हणून दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला तीन-चार भोके ठेवावीत. आतला पत्रा बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना प्रायमर मारून घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजाला चांगला, पण त्याचे वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर कारागिराच्या छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम उघड्या हवेत करावे. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाच्या एकतृतीयांश वजनाचा असतो. तो घेतला तर लोखंडी चौकटीवर रिबिटने बसवावा आणि मध्ये रंगाचा किंवा रबराचा थर ठेवावा. दोन धातू थेट भिडले की ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

वैशाखात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो तेव्हा उघडा पत्रा तव्यासारखा तापतो. आतून पातळ फोम आणि रेक्झिन लावले तर उष्णता आणि खडखडाट दोन्ही कमी होतात.

काच मात्र खिडकीची साधी कधीही लावू नका. ती फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे होतात. वाहनाची टफन काच फुटल्यावर बारीक, बोथट खड्यांसारखी होते. ही काच नंतर कापता येत नाही, म्हणून आधी माप देऊन मगच करून घ्यावी लागते.

वेल्डिंग गाडीवरच करायचे असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, सीट, हूड आणि डिझेलचे डबे दूर काढावेत, अर्थची चिमटी जोडाच्या जवळच लावावी आणि पाण्याची बादली, वाळू हाताशी ठेवावी. शक्य तेथे दार आणि चौकट वेगळी करून ती बोल्टने बसवावी. बोल्टचे काम उद्या काढता येते.

कडी कुठे आहे ते पाहा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाईने केलेल्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा लावतात, गोठ्याच्या किंवा खोपीच्या दाराला लावावा तसा. सामान न्यायला हे चालेल. पण त्याच गाडीत लग्नाला जाताना मागच्या बाकावर सहा-सात बायका-मुले बसतात आणि दार हलू नये म्हणून कोणीतरी बाहेरून कडी सारून देतो. गाडी पाण्यात उतरली, कलंडली किंवा बोनेटमधून धूर निघाला, तर पुढचे दोघे उडी मारतील. मागच्यांनी काय करायचे? बाजूच्या काचा सरकणाऱ्या असल्या तरी त्यातून आजीबाई निघत नाहीत.

म्हणून दाराला वाहनाचाच दोन टप्प्यांचा खटका बसवावा. पहिल्या टप्प्यात दार अर्धवट धरले जाते, दुसऱ्यात घट्ट बसते. झटक्याने दुसरा सुटला तरी दार उघडत नाही. या खटक्याला आतून हँडल असलेच पाहिजे. ते बाकावर बसलेल्याच्या हाताला लागेल इतके खाली आणि खेळणाऱ्या मुलाने सहज ओढू नये इतके आवळ असावे. बाहेरून किल्ली लावली असतानाही आतले हँडल चालते ना, हे कारागिराकडून करून दाखवून घ्यावे. जुन्या गाड्यांच्या भंगारात असे खटके मिळतात, पण आतली स्प्रिंग आणि दात झिजलेले नाहीत हे पाहून घ्यावे.

आणखी एक. पत्र्याचा टप आणि दार बसले म्हणून गाडी उलटल्यावर माणसे वाचतील, असे समजू नका. हा पत्रा ऊन-पाऊस अडवण्यापुरता आहे.

आधी विचारा, मग कापा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी पुस्तकात बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. कापडी हुडाच्या गाडीला कडक टप आणि दार बसवणे म्हणजे या नोंदीला हात लावणे ठरू शकते. म्हणून काम काढण्यापूर्वी परभणीच्या परिवहन कार्यालयात नोंदणी पुस्तक घेऊन जावे, लेखी अर्ज देऊन विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. विमा कंपनीलाही कळवावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडी निरीक्षकांसमोर उभी राहतेच. त्या दिवशी केलेले काम कापून काढण्यापेक्षा आज एक फेरी मारलेली बरी. परवानगी मिळत नसेल तर जाड कॅनव्हासचा, साखळी आणि पट्ट्यांचा चांगला पडदा शिवून घ्यावा. धूळ-पाऊस तोही पुष्कळ अडवतो आणि आतून उघडतोही.

पैसे देण्यापूर्वी

दार तयार झाले की चार परीक्षा घ्या. वर्तमानपत्राची पट्टी रबरावर ठेवून दार मिटा आणि ती ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. रात्री एकाला बॅटरी घेऊन आत बसवा. बाहेर उजेड दिसेल तिथून धूळ येणार. वरून दोन बादल्या पाणी ओता. मग गाडी कच्च्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर फिरवून आणा आणि बिजागऱ्यांचे बोल्ट पुन्हा आवळा.

पाचवी परीक्षा घरच्यांची. दिवे मालवून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मागच्या बाकावर बसवा, बाहेरून किल्ली लावा आणि सांगा, "आजी, आता तुमचे तुम्ही उतरा." त्यांना हाताने चाचपून, कोणाला न विचारता दार उघडता आले, तर कारागिराचे पैसे आनंदाने द्या आणि वर चहाही पाजा. नाही आले, तर दार अजून तयार झालेले नाही.